सोळा पानांचा तीनताल

जगातली कुठलीही सरळ गोष्ट माझ्या बहिणीच्या धाकट्या दिरांच्या हाती द्यावी आणि संध्याकाळपर्यंत ती गोल होऊन परत मिळावी, असा मनुष्य मी रायपुरातच काय, पण दुर्गपासून नागपूरपर्यंत दुसरा पाहिलेला नाही. कामं बिघडवणारी माणसं पुष्कळ असतात, पैशाला पासरी मिळतात. भाऊजी बिघडवत काही नसत, नुसतं फिरवत. ताई त्यांना भाऊजी म्हणायची म्हणून मी म्हणायची, आणि मी म्हणायची म्हणून आमच्या संगीत विद्यालयातली झाडून सगळी पोरंपोरी म्हणायची. ज्यांच्या बहिणींशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशी मुलंसुद्धा रस्त्यात ‘भाऊजी’ म्हणून हाक मारत आणि भाऊजी त्यांनाही मनापासून ओ देत. कोणाचे भाऊजी आपण कसे झालो, हा प्रश्न त्यांना पडलेला मी पाहिला नाही. त्यांना पडणारे प्रश्न वेगळेच असत.

ताईच्या सासरची मंडळी रायपूरच्या तात्यापाऱ्यातली, भोसल्यांच्या कारभाराबरोबर इकडे आली ती इथलीच झालेली. भाऊजी एका सरकारी कार्यालयात बाबू होते. राज्य नुकतंच वेगळं झालं होतं आणि राजधानी व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे अजून रायपूरला नीट कळलं नव्हतं. कार्यालयाची पाटी एका इमारतीवर, साहेब दुसरीत आणि भोपाळहून आलेले फायलींचे गठ्ठे तिसरीच्या व्हरांड्यात, अशी अवस्था. काल जिथे शाळा होती तिथे आज संचालनालय निघे, आणि माणसं हातात अर्ज घेऊन रिक्षावाल्यांनाच खातं विचारत फिरत. अशा गावात भाऊजींचा गोंधळ उठून दिसत नसे. उलट त्यांच्या कार्यालयात त्यांना शांत डोक्याचा माणूस समजत, कारण जो मुळातच गोंधळलेला असतो तो बाहेरच्या गोंधळाने दचकत नाही.

त्यांच्या डोक्यात अष्टौप्रहर तीनताल चालू असे. ज्यांना तालाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की तीनताल सोळा मात्रांचा. पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा, वाजवणारा, ऐकणारा, सगळ्यांनी तिथे एकत्र येऊन पोचायचं. समेवर टाळी, तशीच पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. नवव्या मात्रेवर टाळी द्यायची नाही, हात नुसता हवेत उलटा करायचा, ती खाली. सोळा झाले की पुन्हा एक. संपत काहीच नाही, आणि याच गोष्टीवर भाऊजींचा सगळा जीव होता. दार वाजवताना ते समेची वाट बघत उंबऱ्यापाशी उभे राहत, त्यामुळे दाराशी आलेलं माणूस बाहेरच का उभं आहे म्हणून ताईच कंटाळून दार उघडी. गोलबाजारातला रस्ता ते समेवरच ओलांडत. हातगाडीवाल्यांना आणि म्हशींना हे ठाऊक नसल्यामुळे प्रसंग येत. एकदा ताईला घेऊन राजनांदगावच्या एका मुलीला बघायला गेले. मुलगी चांगली, चहा चांगला, घर चांगलं. मुलीच्या वडिलांनी अदबीने विचारलं, मग काय ठरवलंत? भाऊजींना होकारच द्यायचा होता, पण तो समेवर द्यायचा होता, आणि खालीपासून समेपर्यंतचं अंतर त्या गृहस्थांना फार वाटलं. ते पानसुपारीचं तबक उचलून आत निघून गेले. परतीच्या गाडीत भाऊजी दुर्ग येईपर्यंत म्हणत होते, ‘मी बोलणारच होतो, वहिनी.’ त्यानंतर त्यांनी लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नाही.

आता गंमत अशी, की रात्रंदिवस ताल मोजणारा हा माणूस गायला बसला की समेवर कधीही येत नसे. कधी एक मात्रा आधी, कधी एक नंतर. मोजण्याच्या नादात नेमकी समच हुके. आमचं विद्यालय म्हणजे तात्यापाऱ्यातल्या एका देवळामागच्या दोन खोल्या. तिथे संध्याकाळी शाळेतल्या मुलांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे एका सतरंजीवर बसून यमन गात. भाऊजी पहिल्या परीक्षेला दरवर्षी बसत आणि दरवर्षी गोड हसत नापास होऊन येत. त्यांच्या मागून आलेली पोरं पुढे जाऊन स्वतः शिकवायला लागली, भाऊजी आपले यमनमध्येच. गाणं शिकवणाऱ्या बाई मूळच्या अमरावतीकडच्या, अंगाने बारीक आणि तालाच्या बाबतीत भयंकर. चुकलेल्या समेवर त्यांनी टाळी दिली असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. बाहेरगावचे एक बुवा पाहुणे म्हणून गाताना जरा घसरले, तेव्हा साऱ्या सभेने वा म्हटलं आणि बाईंचा हात मांडीवर तसाच राहिला. बुवा चहा न घेताच गेले म्हणतात. अशा बाईंनी भाऊजींना इतकी वर्षं का ठेवून घेतलं, हे कोडं होतं. बाई त्यांच्यावर ओरडतही नसत. फक्त म्हणत, ‘मोजू नको रे बाबा. ऐक.’ भाऊजी मान हलवत आणि जास्त काळजीपूर्वक मोजायला लागत.

बाई मुलाकडे कायमच्या अमरावतीला जाणार असं कळलं, आणि निरोपाला काय द्यायचं यावर सतरंजीवर सभा भरली. कोणी शाल म्हणालं, कोणी तंबोऱ्याची गवसणी. भाऊजींनी हात वर केला आणि तो बराच वेळ वरच ठेवला. आम्ही सगळे मुकाट समेची वाट पाहत राहिलो. मग ते म्हणाले, आपण अंक काढू, विद्यार्थ्यांचा, संगीताचा, छापील. बाकीच्यांच्या परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून संपादकही तेच झाले. त्यांचं अक्षर फक्त मला लागायचं, त्यामुळे सहसंपादक मी. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या नापसंतीनं म्हणाल्या, ‘गाणं काय वाचाची गोष्ट आहे?’ पण नको म्हणाल्या नाहीत.

पहिले काही दिवस सगळं सरळ चाललं, म्हणजे मला काळजी वाटायला हवी होती. लेख आले. तरुण पोरांनी हिंदीत लिहिलं, थोरल्यांनी मराठीत, एका मुलीने आपल्या मावशीच्या गावच्या सुआ गीतांवर, म्हणजे बायका पोपटाला उद्देशून म्हणतात त्या गाण्यांवर, निम्मं छत्तीसगढीत लिहिलं, आणि ते सगळ्यांत छान होतं. मग भाऊजी गुढियारीत छापखाना बघायला गेले. तिथले प्रेसवाले भैया मालधक्क्यावरच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं आणि सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांच्या डायऱ्या छापत. मासिक त्यांनी कधी छापलं नव्हतं. त्यांनी एक मोठा कागद तीनदा दुमडून दाखवला आणि सांगितलं, की एका कागदावर, म्हणजे एका फर्म्यात, सोळा पानं बसतात. ‘सोळा’ ऐकल्यावर भाऊजी तिथून जे निघाले ते सायकल तिथेच विसरून चालत घरी आले.

त्या संध्याकाळी मी ताईकडेच जेवायला होते. भाऊजींनी ताटातली पोळी उचलली, तीनदा दुमडली, आणि चटणीत बोट बुडवून तिच्या पदरापदरांवर आकडे घालायला लागले. आतल्या घड्या हलक्या हाताने उघडत, वाकून बघत, एक, दोन, तीन. ताई म्हणाली, भाऊजी, भाजी गार होऊन राहिली. त्यांना ऐकू गेलं नाही. आकडे घालून झाल्यावर त्यांनी पोळी ताटावर पसरली आणि तिच्याकडे बघत राहिले. सम, दोन्ही टाळ्या आणि खाली, म्हणजे एक, पाच, नऊ आणि तेरा ही चारही पानं कागदाच्या एकाच अंगाला आली होती, आणि सोळावं पान पहिल्याच्या अगदी शेजारी होतं. ‘पाहून राहिली का तू, छोटी?’ ते मला म्हणाले. ‘सोळा अन् एक शेजारी. हे छापखान्यानं नाही केलं. हे आधीपासूनच आहे.’ ती पोळी कोणाला खाऊ दिली नाही. अंकाची पहिली डमी म्हणून ती बरेच दिवस खिडकीत होती, मुंग्यांनी संपवेपर्यंत.

तिथून पुढे अंक कोणाच्याच डोक्यात मावेना. नाव ‘सोलह मात्रा’ ठरलं, इतकंच काय ते मला कळलं. सुरुवातीची पानं विलंबित लयीची, म्हणून तिथे अक्षर टपोरं आणि ओळीओळींत एवढं अंतर की मधून बैलगाडी जावी. पुढे लय वाढत जाणार, म्हणून अक्षर बारीक होत जाणार. पंधराव्या पानाला पोचेपर्यंत ते मुंगीच्या पायाएवढं झालं होतं. त्या पानावर घुंगरांवर लिहिणारी कथकच्या वर्गातली मुलगी होती, तिला स्वतःचं नाव भिंग घेऊन सापडलं. नववं पान खालीचं, म्हणून संपूर्ण कोरं. आणि संपादकीय? ते सोळाव्या पानावर सुरू होऊन पहिल्या पानावर संपणार, कारण आवर्तन समेवर पूर्ण होतं. म्हणजे अंक उघडल्यावर पहिलीच ओळ वाचायला मिळणार होती ती अशी: ‘असं बाई आम्हाला नेहमी सांगतात.’ बाई काय सांगतात ते शेवटच्या पानावर. मी म्हटलं, भाऊजी, वाचणाऱ्याला वाटेल बांधणी चुकली. ते म्हणाले, वाटू दे, मग तो शोधत शोधत शेवटपर्यंत जाईल. त्यांच्याशी वाद घालताना नेहमी हेच होई. आपण हरलेलो असू, पण कुठे हरलो ते घरी गेल्यावरही सापडत नसे.

एका दुपारी पानं चिकटवता चिकटवता मी मात्र चिडले. बाईंचं जायचं जवळ आलं होतं, आणि हे गृहस्थ बाराव्या पानाची लय तेराव्याशी जुळत नाही म्हणून ते तिसऱ्यांदा फाडत होते. मी म्हटलं, साधा अंक काढा ना, जसे जगात सगळे काढतात; तो वेळेवर तरी बाईंच्या हाती पडेल. भाऊजींनी कात्री खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘इतके वर्षं त्यांनी मले बसू दिलं, छोटी. एकदा नाही आलो मी समेवर त्यांच्यासमोर. गळ्यातून तर होत नाही. कागदावर तरी एकदा येऊन दाखवाचं होतं त्यांले.’ मी गुपचूप डिंकाची बाटली पुढे सरकवली आणि त्यानंतर त्यांच्या अंकाला नावं ठेवली नाहीत.

छपाईला देताना भाऊजींनी प्रेसवाल्या भैयांना फक्त नवव्या पानाबद्दल निक्षून सांगितलं. मी शेजारीच उभी होते. ‘भैया, बाकी सब ठीक है, लेकिन पूरे अंक में सबसे जरूरी पन्ना यही है. इसका खास ध्यान रखना.’ भैयांनी कोऱ्या पानाकडे बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, चिंता मत करो. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण भाऊजींच्या सहवासात इतकं काही खटकत असे, की कशाकशाची दखल घ्यायची. भैया सज्जन मनुष्य. त्यांनी रात्रभर विचार केला असणार, की बिचाऱ्या बाबूजींचं सगळ्यात जरूरी पान आणि त्यात मजकूरच द्यायला विसरले. मग त्यांनी आपल्याकडचा सगळ्यात जरूरी मजकूर तिथे घातला. सिलतऱ्याच्या डायऱ्यांसाठी तयार असलेला, लोखंडी सळयांच्या जाडीनुसार वजनाचा तक्ता.

अंकांचे गठ्ठे निरोपसमारंभाच्या वेळी थेट सभागृहातच आले, अजून शाईचा वास येत होता. वाटलेही गेले. भाऊजी बाईंसाठी एक प्रत लाल कापडात बांधून तयार उभे होते. मी सहज नववं पान उघडलं, तर तिथे सळयांचा तक्ता. सभागृहात हळूहळू कुजबुज सुरू झाली. नव्या राज्याच्या कुठल्याशा खात्याचे अधिकारी प्रमुख पाहुणे होते. त्यांनी पहिली ओळ वाचून प्रत उलटी करून पाहिली, मग शेजारच्याची मागून घेतली, तीही तशीच. आमच्या विद्यालयातले तबल्याचे सर मंचावर आपल्या तबल्यापाशी बसून, चष्मा वर करून सळयांच्या तक्त्यात बुडाले होते आणि मांडीवर बोटं वाजवत पुटपुटत होते. त्यांना ती कोणातरी जुन्या उस्तादांची अवघड गत वाटत होती. मी भाऊजींच्या हाताला धरून त्यांना पान दाखवलं. एवढा गोंधळ करत जगलेला माणूस, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला गोंधळ दिसला नाही. त्यांना सगळं स्वच्छ कळलं होतं, आणि ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. मला वाटलं पळून जातील. पण ते मंचावर गेले, बाईंच्या हातात अंक ठेवला, वाकून पाया पडले आणि माइकसमोर उभे राहून समजावून सांगायला लागले. पान नऊ असं नाही, तसं आहे. म्हणजे तसंही नाही, तिथे काहीच नाही. आणि पान एक हे सोळानंतरचं. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. मागच्या रांगेत पोरं हसायला लागली. पाहुणे घड्याळ बघायला लागले. मग भाऊजी मध्येच थांबले, तबल्याच्या सरांकडे वळले आणि म्हणाले, ‘सर, आप तीनताल लगाइए. मैं दिखाता हूँ.’

आणि उभ्याउभ्याच त्यांनी यमन सुरू केला. आमच्या वर्गातली पहिलीच बंदिश, जी बाई नव्या आलेल्या प्रत्येकाला शिकवत. एका हातात अंकाची दुसरी एक प्रत धरलेली, दुसऱ्या हाताने तिच्यावर टाळ्या देत होते, आणि नवव्या मात्रेला त्यांनी तो हात असा काही हवेत उलटा केला, की हसणारी पोरं गप्प झाली. तिथे खरंच काही नव्हतं. ते कोरं पान सगळ्या सभेला दिसलं. मला वाटलं, जिंकले भाऊजी. पण अजून समेवर यायचं होतं. त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते, आणि मी, ताई, सतरंजीवरची सगळी पोरं, आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर मोजत होतो. आणि भाऊजी एक मात्रा आधीच पोचले.

बाई समोरच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडेच बघत होते. भाऊजी जिथे उतरले, नेमकी तिथेच बाईंनी टाळी दिली. चांगली खणखणीत, मान हलवून, जशी समेला देतात तशी. तबल्याच्या सरांचा हात क्षणभर अडखळला. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि तबल्यावर तिथेच धा मारला. मग आम्ही सगळ्यांनीच टाळी दिली. सभागृहातून ‘आहा’ निघालं, पाहुण्यांनीही मान डोलावली. भाऊजी डोळे मिटून उभे होते. बाईंनी लाल कापडातला अंक छातीशी धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

त्यानंतर बाई अमरावतीला गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. देवळामागच्या खोल्या कुठल्याशा कार्यालयाने घेतल्या, पोरं पांगली. भाऊजींनी दुसरा अंक काढला नाही, गाणंही हळूहळू थांबलं. आता ते निवृत्त झालेत. परवा मी रायपूरला गेले तर ताईच्या ओसरीवर आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मधेच त्यांनी आत डोकावून ताई ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘छोटी, एक सांगू का तुले? मी कोणाले बोललो नाही आजपर्यंत. त्या दिवशी बाई चुकल्या होत्या.’

मी सोललेले दाणे वाटीत टाकले.

‘सम नव्हती ती. मी एक मात्रा आधी आलो होतो. मले पक्कं माहीत आहे, मी मोजून राहिलो होतो ना. पण त्यांनी टाळी देऊन टाकली.’ त्यांनी एक शेंग हातात तशीच धरून ठेवली. ‘वय झालं होतं त्यांचं. होते चूक. पण तू कोणाले सांगू नको, हं. नाव होतं बाईंचं.’

इतकी वर्षं त्यांनी हे एकट्यानं पोटात ठेवलं होतं. मी म्हटलं, ‘हव भाऊजी, नाही सांगत.’ त्यांना केवढं हायसं वाटलं. ते पुन्हा मटार सोलायला लागले, आणि मला मात्र कितीतरी वेळ मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.